बाई, तुमची नखं दाखवा!

आमच्या शाळेत दर सोमवारी मुलांची नखं तपासायची असतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी चौथीतली एक धीट पोरगी म्हणाली, "बाई, आता तुमची दाखवा ना!" मी हसत हात पुढे केला. "अय्या, तुमच्या नखाला खळगा पडलाय!"

खरंच की! अंगठ्याचं नख मध्ये दबलेलं, कडा वर उचललेल्या. अगदी चमचाच. पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळणार नाही! दर रविवारी घरातल्या सगळ्यांची नखं कापणारी मी, पण स्वतःची कधी निरखून पाहिली नव्हती.

जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळी अंगात त्राण नसायचं. 'घर नि शाळा, दमणारच' असं म्हणून मी ते सोडून देत होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८! गरोदर नसलेल्या बाईचं निदान १२ तरी हवं. पाळीत फार रक्त जायचं, तेही अंगवळणी पडलेलं. डॉक्टरांनी आधी त्यावर उपचार केले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणावरचा चहा बंद केला. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळ्याने मात्र चांगलं लागतं. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं, म्हणून नवं सपाट नख दिसायला सहा महिने लागले.

आता तुमची नखं पाहा. पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका. बहुतेक वेळा तो जुना बारीकसा मार असतो, कॅल्शियमची कमतरता नव्हे. नखाच्या कडेची कातडी सुजून दुखत असेल तर धुण्याभांड्याला रबरी हातमोजे वापरा, हात कोरडे ठेवा. पू झाला तर मात्र डॉक्टरांकडे जा. नख जाड, पिवळं होऊन भुगा पडत असेल तर बुरशी असू शकते, पण सोरायसिसमध्येही तसंच दिसतं. तेव्हा आधी तपासणी, मग मलम. बोटांची टोकं फुगून नखं गोलाकार वळली तर छाती आणि हृदय तपासून घ्यावं. एकाच नखावर नवी काळी रेघ उमटून रुंद होत असेल तर अजिबात वेळ लावू नका.

नख पाहून रोग ठरत नाही, फक्त इशारा मिळतो. पण तो पाहायला तर हवा! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्यातल्या निम्म्याहून जास्तच की!

तेव्हा येत्या रविवारी मुलांची नखं कापून झाली की नेलपॉलिश पुसा, खिडकीशी बसा आणि दोन मिनिटं स्वतःच्या हातांकडे पाहा.