जंताचे औषध आणि सार्वजनिक जबाबदारी

शेळीला आपल्याकडे गरिबाची गाय म्हणतात. पैठण, गंगापूर, वैजापूर किंवा कन्नड तालुक्यांतील भूमिहीन मजुराच्या घरी बँकेतील ठेव नसते. दारात बांधलेल्या दोन शेळ्या हीच त्याची ठेव. आजारपण, बाळंतपण, मुलांचे शिक्षण अशा प्रसंगी ती बाजारात मोडली जाते. या ठेवीला आतून पोखरणारा शत्रू म्हणजे पोटातील जंत. हिमोंकस हा रक्त शोषणारा गोलकृमी शेळ्यामेंढ्यांच्या जठरात राहतो. एक कृमी दिवसाकाठी सुमारे ०.०५ मिलिलीटर रक्त घेतो. म्हणजे हजार कृमी झाले की रोज ५० मिलिलीटर रक्त गेले. पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरते आणि पावसाळ्यात अंग धरू लागलेले करडू दगावते.

यावर औषधे नाहीत असे नाही. १९६१ साली थायाबेंडाझोल आले. पुढे फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल आली. १९८१ पासून आयव्हरमेक्टिन जनावरांसाठी बाजारात आहे आणि त्याच्या शोधाबद्दल विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु थायाबेंडाझोलला न जुमानणारे कृमी १९६४ सालीच अमेरिकेत आढळले होते. अपुरी मात्रा दिली की दुबळे कृमी मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि त्यांचीच प्रजा गायरानात पसरते. गायरान सर्वांचे असते. म्हणून एका कळपात झालेली चूक साऱ्या गावाला भोवते. औषधाचा गुण ही गायरानासारखीच सामाईक मालमत्ता आहे.

सुरक्षित वापराचे नियम अवघड नाहीत. मात्रा अंदाजाने नव्हे, वजनावर ठरते. आयव्हरमेक्टिनचे एक टक्का इंजेक्शन ५० किलो वजनाला एक मिलिलीटर, तेही कातडीखाली द्यावयाचे असते. २५ किलोच्या शेळीला अर्धा मिलिलीटर पुरतो. शेळीचे शरीर काही औषधे मेंढीपेक्षा लवकर निकामी करते; म्हणून मेंढीची मात्रा तिला कमी पडते आणि योग्य मात्रा पशुवैद्यानेच सांगावी लागते. अल्बेंडाझोल गाभण शेळीला पहिल्या महिन्यात देऊ नये, गर्भाला अपाय होतो. लिव्हामिसोलची मात्रा वाढली तर विषबाधेला वेळ लागत नाही. औषध पाजताना मान फार वर उचलली, तर ते श्वासनलिकेत उतरते आणि जनावर फुप्फुसाच्या विकाराने जाते.

दुभत्या जनावराची गोष्ट आणखी वेगळी. औषधाचा अंश दुधात व मांसात उतरतो. यासाठी औषध नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. औषध दिल्यानंतर किती दिवस दूध व मांस वापरू नये, हे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. ती मुदत ठरलेली नसेल तेथे दुधासाठी किमान ७ व मांसासाठी २८ दिवस धरावयाचे. नियम उत्तम आहे. पण बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत छापलेली ही सूचना वाचायची कोणी? आणि ज्या घराची चूल रोजच्या दोन लिटर दुधावर पेटते, त्याने सात दिवसांचे दूध ओतून द्यावे, एवढे सांगून शासन मोकळे होऊ शकत नाही.

गोठ्यातील औषधाची झळ गोठ्यापुरती राहत नाही, हे डायक्लोफेनॅकने शिकविले आहे. ते वेदनाशामक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन देशभरात गिधाडे मेली, तेव्हा कोठे २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आयव्हरमेक्टिनचाही अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेण मातीत मिसळणाऱ्या भुंग्यांना मारतो. त्याची किंमत कोरडवाहू जमीन मोजते.

‘शेतकरी अडाणी आहे, म्हणून औषध वाया जाते’ असे म्हणणे सोपे आहे. दवाखाना दहा कोस दूर असेल, तेथील पद रिक्त असेल, तर माणूस दुकानदार देईल ती बाटली घेतो आणि नजरेने मात्रा ठरवितो. यात अडाणीपणापेक्षा व्यवस्थेचा अभाव मोठा आहे. लेंड्यांच्या तपासणीला सूक्ष्मदर्शक, मिठाचे पाणी आणि शिकलेला माणूस एवढेच लागते. ती औषधापूर्वी व नंतर दहा ते चौदा दिवसांनी केली, तर औषध लागू पडले की नाही हे कळते. दक्षिण आफ्रिकेत पापणीचा रंग पाच रंगांच्या तक्त्याशी ताडून फिकट पडलेल्या शेळ्यामेंढ्यांनाच औषध देण्याची पद्धत रुजली. हिमोंकसपुरती ती उपयोगी आहे, आणि तिला अक्षरओळखही लागत नाही.

मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. संभाजीनगरजवळ पडेगावला शेळी-मेंढी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. ज्ञान आहे, ते वस्तीपर्यंत पोहोचविण्याची इच्छा हवी. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात तीन मागण्या लावून धराव्यात: प्रत्येक दवाखान्यात लेंड्यांची व शेणाची विनामूल्य तपासणी, प्रत्येक गावात शेळ्या तोलण्याचा एक सार्वजनिक काटा आणि औषधाच्या वेष्टनावर ठळक मराठीत मात्रा व वर्ज्य दिवस. मागण्या लहान दिसतील. परंतु ज्याची सारी पुंजी चार पायांवर उभी आहे, त्याच्यासाठी समाजवादाची परीक्षा अशाच लहान मागण्यांत होत असते.