चुळबुळ्या पोरांचा मेंदू

इतवारीत खाली दुकान, वर बिऱ्हाड. त्याच गोंगाटात थोरला गणिते सोडवतो, धाकट्याचे मात्र पाच मिनिटे बूड टेकत नाही. मग 'वळण नाही' असा निकाल लागतो, तोही बहुधा आईवर.

२००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील फिलिप शॉ व सहकाऱ्यांनी अशा अतिचंचल, अवधान न टिकणाऱ्या २२३ मुलांच्या मेंदूची चित्रे तितक्याच इतर मुलांशी ताडून पाहिली. मेंदूचे बाह्यपटल सर्वाधिक जाड होण्याचे वय इतरांत सुमारे साडेसात, या मुलांत साडेदहा! सर्वांत जास्त विलंब कपाळामागच्या, मनाला आवर घालणाऱ्या भागात. हालचाल घडवणारा भाग उलट किंचित लवकरच तयार. बैल आधी जुंपले, कासरा मागाहून आला, असेच म्हणायचे.

आता हे सारे वयाबरोबर निवळतेच, असे नाही. पुष्कळांचा त्रास मोठेपणीही उरतो. उपचारांनी फरक पडतो, औषधेही आहेत. मला राग येतो तो याचा, की मेडिकलच्या मानसोपचार विभागाची पायरी चढायला आपल्याला लाज वाटते, आणि शिकवणीच्या मास्तरांना मात्र पोर बडवायची मोकळीक! शाळेतल्या माराला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली. शिकवणीत आणि माजघरात छडी अजून तशीच आहे.