गळाआधी जॅकेट!

बुलढाणा जिल्ह्यातलं पाणी म्हटलं की बाहेरगावच्या पोरांना दोनच ठिकाणं आठवतात. एक लोणारचं सरोवर, ज्याचं पाणी खारट. आणि दुसरी आपल्या हॉस्टेलची टाकी, ज्यात सकाळी आठनंतर पाणीच सापडत नाही! पण मित्रांनो, आमचं रोहिणखेड ज्या मोताळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नळगंगेचं धरण आहे. इतिहासाच्या पुस्तकात रोहिणखेड हे लढायांचं गाव. आमच्या पिढीला मात्र तिकडची ओढ आहे ती धरणाच्या पाण्याची आणि त्यातल्या रोहू-कटल्याची.

म्हणूनच दरवर्षी सबमिशन आटोपलं की हॉस्टेलच्या गच्चीवर एक विषय निघतो. "यार, काठावर बसून काही लागत नाही. मे महिन्यात पाणी आत सरकतं, मधे नुसता चिखल. वर्गणी काढू, एक छोटी होडी घेऊ!" मग यादी सुरू होते. रॉड, रील, गळ, कणकेचा गोळा, स्पीकर, मॅगीचा स्टोव्ह. यादी पानभर होते, पण तिच्यात लाइफ जॅकेट कुठेच नसतं. कुणी त्याचं नाव काढलंच तर "तू काय लहान बाळ आहेस का?" म्हणून त्यालाच वेड्यात काढतात.

दुसरीकडे आपले वॉर्डन सर आणि घरचे लोक. त्यांचं एकच उत्तर: पाण्याकडे फिरकायचंच नाही. त्यांची काळजी खोटी नाही, पण हा उपाय चालत नाही. बंदी घातली की पोरं चोरून जातात, आणि चोरून जाणारा माणूस कुणालाच सांगून जात नाही. म्हणून माझं मत सरळ आहे. होडी हवी, उजळ माथ्याने हवी. पण वर्गणीचा पहिला रुपया जॅकेटवर जायला हवा, गळावर शेवटचा.

हे मत उगाच नाही. ९ जुलै २०१७, रविवार. नागपूरजवळच्या वेणा धरणात सहलीला गेलेल्या पोरांची होडी उलटली. होडीत अकरा जण होते, त्यातले आठ गेले. उलटण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ चालू होता. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली, अकरा जण गेले. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात बुडाली, सहा जण गेले. यातलं एकही पाणी समुद्राचं नव्हतं. धरण, नदी, धरण. आपण ज्याला 'साधं पाणी' म्हणतो तेच.

अशी बातमी आली की गावात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "देव तारी त्याला कोण मारी" आणि "त्याची वेळच आली होती." दोन्ही वाक्यं इंजिनियरिंगच्या पोराने बोलायची नाहीत. कारण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण मेटासेंटर शिकलोय. पेपरात सहा मार्कांसाठी पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी विसरलो, तो भाग वेगळा! तेच गणित एकदा होडीला लावून बघू.

सोयीसाठी होडी पेटीच्या आकाराची धरा. लांबी ३ मीटर, रुंदी १.२ मीटर, बाजूची उंची ४० सेंटिमीटर. पाण्यावरचं क्षेत्रफळ झालं ३.६ चौरस मीटर. म्हणजे दर ३६ किलोला होडी १ सेंटिमीटर खाली जाते. होडी आणि सामान मिळून ९० किलो, आणि ६५ किलोचे चार जण. एकूण ३५० किलो. होडी पाण्यात बुडली साधारण १० सेंटिमीटर, काठ पाण्यावर राहिला ३० सेंटिमीटर. छान. चौघंही खाली, मधोमध बसलेत. मेटासेंट्रिक हाइट काढली तर सुमारे ८५ सेंटिमीटर येते. एखादा गडी मासा ओढायला ४० सेंटिमीटर बाजूला सरकला, तर होडी जेमतेम ५ अंश कलते. काही होत नाही.

आता मोठा कटला लागला! चौघंही उठून उभे राहिले आणि "बघू, बघू" करत एकाच बाजूला आले. उभं राहिल्यामुळे गुरुत्वमध्य वर गेला, मेटासेंट्रिक हाइट उतरून ५० सेंटिमीटरच्या आसपास आली. गणिताने होडी ३५ अंश कलायला पाहिजे. पण या होडीचा काठ २६-२७ अंशालाच पाण्याखाली जातो. म्हणजे ३५ पर्यंत पोचायच्या आधीच पाणी आत. आणि एकदा पाणी आत शिरलं की तेही खालच्या बाजूलाच धावतं आणि होडीला आणखी तिकडेच ओढतं. कटला गेला, सोबत आपणही.

आणखी एक पायरी पुढे जाऊ, कारण हॉस्टेलमध्ये चारच जण कधी जात नाहीत. त्याच होडीत आठ जण बसवा. काठ अजूनही २३ सेंटिमीटर वर दिसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की "अरे, अजून दोघं मावतील." पण हे आठही जण उभे राहिले तर मेटासेंट्रिक हाइट शून्याच्या खाली जाते! म्हणजे वारा नको, लाट नको, कुणाची चूकही नको. ती होडी सरळ उभीच राहू शकत नाही. हे ढोबळ गणित आहे, खऱ्या होडीचा आकार वेगळा असतो, आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण धडा बदलत नाही. होडीत किती माणसं 'मावतात' हा प्रश्नच चुकीचा आहे. बाक किती आहेत ते बघायचं नाही, हिशोब काय सांगतो ते बघायचं. आणि पाण्यात असताना उभं राहायचं नाही. फोटोसाठी तर नाहीच नाही.

आता सामानाकडे. माझी यादी अशी, आणि क्रमही हाच.

पहिलं, माणशी एक लाइफ जॅकेट, आणि ते अंगात. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट म्हणजे घरी विसरलेलं हॉल तिकीट. मोठ्या माणसाच्या साध्या जॅकेटची उचल १०० न्यूटन म्हणजे सुमारे १० किलो असते. "एवढ्याने माझे ७० किलो कसे तरंगतील?" असं विचारणाऱ्याने आर्किमिडीज पुन्हा वाचावा. माणसाचं शरीर पाण्याइतकंच जड असतं, फक्त तोंड वर राहायला थोडी मदत लागते. पट्टे मात्र आवळून लावायचे, नाहीतर जॅकेट वर आणि माणूस खाली. पोहता येणाऱ्यांनाही सूट नाही. अंगावर जीन्स, पायात बूट, पाण्यात जाळ्याचे दोर आणि गळ्याला मिठी मारलेला दोस्त, एवढ्यात कॉलेजचा स्विमिंग चॅम्पियनसुद्धा थकतो.

दुसरं, वल्ही दोन आणि वर एक जादा. इलेक्ट्रिकलवाल्यांना मोटर बसवायची हौस असते. जरूर बसवा. पण १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी ३० अँपिअर खाणाऱ्या मोटरला कागदावर तीन तास पुरते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवायची नसते, म्हणून खरे दीडच तास धरा. शिवाय तिचं वजन पंचवीस-तीस किलो, म्हणजे अर्धा माणूस. तो हिशोबात धरलाच पाहिजे. मोटर हौसेसाठी, परत यायला वल्हं.

तिसरं, स्वस्त आणि मोलाचं. पाणी उपसायला कापलेला प्लास्टिकचा डबा, दोरीने होडीला बांधलेला. वीस मीटर दोरी, आणि तिच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावून. कुणी पाण्यात पडला तर आपण उडी टाकायची नाही, हा कॅन टाकायचा. शिट्टी. टॉर्च. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. प्यायचं पाणी. नांगर म्हणून दोरी बांधलेला वजनदार दगड, आणि तो होडीच्या पुढच्या टोकालाच बांधायचा. बाजूला किंवा मागे बांधला तर वारा सुटल्यावर होडी वळत नाही आणि पाणी काठावरून आत येतं. बाकाखाली थर्माकोल किंवा फोम ठासून भरा, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी तळाला जात नाही. होडी भरली तर तिलाच धरून राहायचं. काठ जवळ दिसतो, पण जवळ नसतो.

चौथं, पाचवं, सहावं: रॉड, गळ, कणीक. झाली यादी.

चालवायचे नियम त्याहून थोडे. जायचं पहाटे, परतायचं दुपारच्या आत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर वारा उठतो आणि अवकाळीचं काही सांगता येत नाही. उजनीची बोट मे महिन्यातच गेली, हे लक्षात ठेवा. आभाळ भरून आलं की मासा लागो न लागो, काठ गाठायचा. जाताना काठाच्या कडेकडेने वारा समोरून घेत जायचं, म्हणजे हात थकल्यावर परत आणायला वाराच मदत करतो. सांडवा आणि पाणी सोडायच्या विहिरीच्या आसपास जायचं नाही. आणि कुठे चाललो, किती जण, कधी येणार, हे काठावरच्या एका माणसाला सांगून जायचं. पिण्याबद्दल लिहायची गरज पडू नये, पण लिहितो: बाटली काठावरही नको.

आता एक नाजूक गोष्ट. हे पाणी आणि हे मासे फुकटचे नाहीत. आपल्याकडे धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था पैसे भरते, रोहू-कटल्याचं बीज आणून सोडते, वर्षभर राखण करते. आपण "निसर्गाचं देणं" म्हणून जो मासा काढतो, तो कुणाच्या तरी घरची कमाई असते. तेव्हा आधी संस्थेला विचारायचं, पाण्यात होडी घालायची तर धरणाच्या ऑफिसलाही विचारायचं. दोन मासे ठेवायचे, लहान असतील ते सोडून द्यायचे. जाळ्याचे तरंगते बोळे दिसले की वळसा घालायचा. पावसाळ्यात मासा अंडी घालतो, तेव्हा गळ गुंडाळून ठेवायचा. ज्ञानगंगा अभयारण्यातल्या तलावाकडे तर गळ घेऊन बघायचंही नाही.

आणि याच लोकांकडे एकदा नीट बघा. धरणावरचे भोई काका कशावर बसून जाळं टाकतात? ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर, नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर. अंगात जॅकेट नाही, हातात पत्र्याचं किंवा फळीचं वल्हं. आपण हौसेसाठी जातो, ते रोज पोटासाठी जातात. पाण्याचं आपल्यापेक्षा शंभर पट ज्ञान त्यांना आहे. कुठे बुडालेलं झाड आहे, वारा कुठून फिरणार, हे ते बोटाने दाखवतात. पण ज्ञान असलं तरी ट्यूब फुटायची थांबत नाही.

इथे मला आपल्या कॉलेजला काही सुचवायचं आहे. फायनल इयरला किती प्रोजेक्ट शहरातल्या दुकानातून 'रेडीमेड' येतात, हे व्हायवा घेणाऱ्या सरांनाही ठाऊक आहे. त्याऐवजी एका ग्रुपने ही होडी बनवावी. मेकॅनिकलने सांगाडा आणि तोल बघावा, इलेक्ट्रिकलने मोटर, सिव्हिलने धरणाचा नकाशा, कॉम्प्युटरवाल्यांनी निदान वर्गणी तरी गोळा करावी! डिझाईन करण्याआधी दोन दिवस धरणावर भोई काकांच्या शेजारी बसावं. होडी तयार झाली की माणसं बसवायच्या आधी ६५ किलोची वाळूची पोती ठेवावीत, एका बाजूला सरकवावीत, किती अंश कलते ते मोजावं. मग काठावर ठळक रंगाने लिहावं: माणसं ४. पाचवा आला तर तो काठावर. आणि ज्या वर्षी हे जमेल, त्या वर्षी गॅदरिंगच्या डीजेचं बिल थोडं कमी करून संस्थेच्या सभासदांना जॅकेटं द्यावीत. उपकार म्हणून नव्हे, त्यांच्या पाण्यात जायची फी म्हणून.

वैनगंगेचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर लांबून नळगंगेपर्यंत आणायच्या नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ते येईल तेव्हा येईल. आलं तर धरणात पाणी जास्त दिवस टिकेल, होड्याही वाढतील, सहलीही वाढतील. तोवर आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना होडीत कसं बसायचं एवढं तरी यायला हवं. तेव्हा मित्रांनो, यंदा गच्चीवर वर्गणीचा विषय निघाला की वहीच्या पहिल्या ओळीत आकडा लिहा: जॅकेटं चार. बाकीची यादी त्याखाली.