कोर्स झाला, नोकरीचे काय?

आमच्या वस्तीत हल्ली दर चार घरांआड एखादा मुलगा किंवा मुलगी ‘कोर्स’ करून घरी बसलेली आहे. आधी बी.एस्सी. नाहीतर बी.सी.ए., मग पुण्यात कॉट बेसिसवर राहून सहा महिन्यांचा जावा फुल स्टॅक, आणि नंतर वर्षभर मोबाईलवरून अर्ज. उत्तर येत नाही. जिन्यात कोणी ‘लागला का रे कुठे?’ विचारले की पोरगा मान खाली घालतो. घरात त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. ते खरे नाही. म्हणून आजचा मजकूर पोरांपेक्षा आईवडिलांसाठी आहे.

कोरोनाच्या साथीनंतर २०२१ आणि २०२२ साली सॉफ्टवेअर कंपन्यांनी भरमसाट भरती केली. नंतर कामे मंदावली. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात टीसीएसचे १३,२४९, इन्फोसिसचे २५,९९४ आणि विप्रोचे २४,५१६ कर्मचारी कमी झाले. आतलेच कमी होत असताना नवशिक्याला कोण विचारणार? त्यात नवशिक्यांना देत ती किरकोळ कामे आता एआयच्या मदतीने जुना माणूस स्वतःच उरकू लागला आहे.

दुसरी अडचण ओळखीची. कंपनीतला माणूस आपल्या माणसाचा अर्ज आतून पुढे सरकवतो, त्याला रेफरल म्हणतात. आपल्या पोरांचे मामा-काका त्या कंपन्यांच्या गेटवर वॉचमन आहेत, वरच्या मजल्यावर क्वचितच. आडनावाचेही आहेच. डॉ. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी असूनही दलित नावाच्या अर्जाला सवर्ण नावापेक्षा कमी बोलावणी आली.

पण आम्हाला अधिक काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. काही क्लासवाले पोरांना सांगतात, “फ्रेशरला कोणी घेत नाही, पैसे भरा, दोन वर्षांचे एक्स्पीरियन्स लेटर देतो.” सोबत पगाराच्या स्लिपाही देतात. आम्ही कारकुनी करणारी माणसे, कागद कुठे पकडला जातो ते आम्हाला ठाऊक आहे. मालकाने पी.एफ. भरला की यूएएनच्या पासबुकात कंपनीचे नाव, महिना, रक्कम सगळे उमटते. नवी कंपनी तपासणीत ते पासबुक मागते, फॉर्म १६ मागते, बँकेचे स्टेटमेंट मागते. दोन वर्षे नोकरी आणि खात्यात एकही पगार नाही, हे लपणार कसे? रुजू होऊन सहा महिने झाल्यावर काढलेला मुलगा आम्ही पाहिला आहे. आईने त्या पत्रासाठी मंगळसूत्र गहाण ठेवले होते. पोरगा घरी, पत्र देणाऱ्याचा फोन बंद.

फीच्या हप्त्यांचेही तसेच. तो हप्ता पुष्कळदा क्लासचा नसतोच. फायनान्स कंपनीचे कर्ज असते, पोराच्या नाहीतर बापाच्या नावावर. क्लास बंद पडला तरी हप्ता चालू, आणि चुकला की सिबिलमध्ये नोंद. सही करण्याआधी कर्ज कोणाचे, व्याज किती, हे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून वाचावे. इंग्रजी असेल तर कोणाकडून तरी वाचून घ्यावे, लाजू नये. कोचिंग संस्थांनी नोकरीची खोटी हमी देऊ नये, अशी केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२४पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. फसवणूक झाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. जाहिरातीचा कागद आणि पावती मात्र जपून ठेवा.

अनुभवच हवा तर खरा मिळवण्याचा एक रस्ता आहे. १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांना कंपनीत शिकाऊ म्हणून घेतात. विद्यावेतन थोडे, पण शेवटी मिळणारे प्रमाणपत्र सरकारमान्य असते. ‘नॅट्स’च्या पोर्टलवर नाव नोंदवावे. शिकण्यात कच्चे राहिले असेल तर आय.आय.टी. मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ फुकट आहे, त्यातले कितीतरी धडे मराठीत आहेत.

आमच्या शेजारच्या एका मुलीने अर्ज पाठवता पाठवता बचत गटाच्या हिशेबाचा प्रोग्राम केला. हप्ता चुकवणारीचे नाव त्यात आपोआप वर येते, त्यामुळे दोन बायका अजून तिच्याशी बोलत नाहीत! पण मुलाखतीत तिला सर्टिफिकेटाबद्दल कोणी विचारलेच नाही. अर्धा तास त्या हिशेबावरच प्रश्न झाले. एका छोट्या कंपनीत टेस्टिंगच्या कामावर ती लागली आहे. पगार क्लासने सांगितला होता त्याच्या निम्माही नाही. घरच्यांनी आधी नाके मुरडली, आता गप्प आहेत.

आपल्यातली काही मुले-मुली पाच-दहा वर्षांपासून या कंपन्यांत आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीतल्या वाचनालयाला द्यावा, चार बायोडाटे वाचावेत, मुलाखतीची तालीम घ्यावी आणि योग्य वाटेल त्याचा अर्ज आतून पुढे पाठवावा. चहाची सोय आम्ही करू.