‘इट वॉज’नंतर ‘व्हेअर’ की ‘दॅट’?



गेल्या अंकातील पत्रलेखकाच्या मते, ‘इट वॉज’नंतर स्थळ आले की ‘व्हेअर’ आणि काळ आला की ‘व्हेन’ घालावे. नियम ऐकायला सुटसुटीत आहे, पण तो चुकीच्या जागी लावला गेला आहे.

देवरूख ज्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे, त्या संगमेश्वरचेच उदाहरण घेऊ. ‘इट वॉज ॲट संगमेश्वर दॅट संभाजी महाराज वॉज कॅप्चर्ड.’ इथे ‘दॅट’च हवे. ‘ॲट’ने स्थळाचे काम आधीच केलेले असताना पुन्हा ‘व्हेअर’ कशाला? तसेच ‘इट वॉज इन १६८९ दॅट…’ आणि ‘इट वॉज बिकॉज ऑफ द रेन दॅट…’. या शेवटच्या वाक्यात ‘व्हाय’ घालण्याची हौस तर साफ चुकीची.

पडताळा सोपा आहे. ‘इट वॉज’ आणि ‘दॅट’ काढून टाकावे. उरलेले शब्द पूर्ण वाक्य होत असतील, तर ते येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये ‘क्लेफ्ट’ म्हटलेले वाक्य. मराठीत असा एखाद्या शब्दावर भर देण्याचे काम बहुधा एकटा ‘च’ उरकतो: संगमेश्वरलाच पकडले.

‘इट वॉज अ टाउन व्हेअर ट्रेडर्स मेट’ हे मात्र बरोबर. तिथे ‘व्हेअर’ गावाचे वर्णन करते; कशावर बोट ठेवत नाही. पत्रलेखकाने वाक्यांचे हेच दोन प्रकार एका माळेत ओवले.

क्लेफ्टमध्ये माणसासाठी ‘हू’ आणि ‘दॅट’ दोन्ही चालतात. तेव्हा शिक्षकांनी ‘दॅट’वर सरसकट लाल रेघ मारू नये.

— एक वाचक, देवरूख