गढूळ बिअरचं कौतुक आणि मोहाला लाठी

मागच्या महिन्यात पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. तो आयटीत आहे, बालेवाडीकडे राहतो. शनिवारी संध्याकाळी म्हणाला, "मामा, तुम्हाला आज हेझी आयपीए पाजतो. नुसती किंगफिशर पिऊन आयुष्य काढलं तुम्ही." म्हटलं चला. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तरच वाचा. आणि "पत्रकार पुण्यात जाऊन दारू पितो" ही कमेंट टाकायची घाई करू नका, मी स्वतःच सांगतोय.

ज्या ठिकाणी गेलो त्याचं नाव घेत नाही. ग्लास आला. रंग कसा म्हणाल तर पावसाळ्यातल्या नाल्याच्या पाण्यात थोडी हळद टाकल्यासारखा. वर फेस नावाला. वास घेतला तर ओल्या पुठ्ठ्याचा. चव तशीच, मागून गोडूस, आणि घशात काहीतरी खरवडल्यासारखं. भाव ४५० रुपये, वर टॅक्स वेगळा. मी वेटरला म्हटलं, "भाऊ, ही खराब झाली आहे का?" तो अगदी शांतपणे म्हणाला, "नाही सर, हेझी अशीच असते."

आमच्यासोबत भाच्याचा एक मित्र होता. तो बिअरचं परीक्षण शिकतोय. असंही शिक्षण असतं हे मला त्या दिवशी कळलं. त्याने एक घोट घेतला, ग्लास बाजूला सरकवला आणि म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे. ही शिळी आहे."

मग त्याने मोबाईलवर परीक्षकांचा कागद दाखवला. अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमचा, जगभर चालणारा. एकूण ५० गुण. सुगंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, आणि एकूण मताला १०. मी परत वाचलं. रूपाला ३! म्हणजे ज्या गढूळपणावर ही बिअर विकली जाते, ज्याचे फोटो इन्स्टाग्रामवर पडतात, त्याला रंग आणि फेस धरून पन्नासात तीन मार्क. बाकी सत्तेचाळीस नाकाचे आणि जिभेचे. आपण मात्र तीन मार्कांसाठी ४५० रुपये मोजून घरी येतो.

तो पोरगा हुशार होता. त्याने सांगितलेलं आणि मी नंतर वाचून पडताळलेलं थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं. बिअरला कडूपणा आणि वास त्यांच्यामुळे येतो. जुन्या पद्धतीत ती उकळत्या रसात बराच वेळ शिजवतात, म्हणून कडू उतरतं. हेझीत बहुतेक हॉप्स शेवटी टाकतात, काही तर रस आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर, थंडपणी. त्यामुळे कडूपणा कमी आणि आंबा, संत्रं, अननस असा वास जास्त. सोबत ओट्स आणि गहू असतात. त्यांच्यातली प्रथिनं आणि हॉप्समधली द्रव्यं एकमेकांना धरून राहतात, त्यातून धूसरपणा येतो. तो परिणाम आहे, उद्देश नाही. तळाचा गाळ ढवळून किंवा पीठ घालून आणलेला गढूळपणा हा दोष. आणि ही बिअर फार नाजूक असते. हवा लागली की आठवड्यांत रंग काळवंडतो, फळांचा वास जातो, पुठ्ठा उरतो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ही भरली कधी?

दुसऱ्या ठिकाणी गेलो तेव्हा खरी हेझी मिळाली. ग्लास टेबलावर ठेवायच्या आधी वास आला. पिकलेला आंबा, मोसंबीचं साल, आणि कुठेतरी ताज्या गवतासारखं. तोंडात मऊ, जवळपास दुधासारखी, कडूपणा शेवटी हलकेच येतो आणि जातो. मी पन्नासात ३८ दिले. पोरगा म्हणाला, काका, तुम्ही कडक आहात. म्हटलं, वीस वर्षं नगरपरिषदेच्या बातम्या केल्यात बाबा, सवय आहे.

तर बिअर चांगली होती. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

ही गढूळ बिअर आधी दोष मानली जायची. बिअर म्हणजे स्वच्छ, आरपार दिसणारी, हाच नियम होता. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात वॉटरबरी नावाचं छोटं गाव आहे. तिथे जॉन किमिच आणि त्याच्या बायकोने २००३ साली द अल्केमिस्ट नावाचं दुकान काढलं. त्यांची हेडी टॉपर ही बिअर गाळून स्वच्छ केलेली नव्हती. लोक लांबून गाड्या काढून यायला लागले. गंमत म्हणजे तिच्या कॅनवरच लिहिलेलं आहे की कॅनमधूनच प्या. म्हणजे ज्याच्यामुळे हे गढूळ वेड सुरू झालं, तो ग्लासात बघत बसायची गरजच ठेवत नाही. २०१८ मध्ये तिथल्या ब्रुअर्स असोसिएशनने या प्रकाराला आपल्या यादीत रीतसर जागा दिली. मोजमाप ठरलं, शब्द ठरले, स्पर्धा आल्या. छोट्या गावातला दोष पंधरा वर्षांत जगाची शैली झाला. कारण कोणीतरी आधी चाखलं, मग लिहिलं, मग नियम केला.

आता नाव बघा. इंडिया पेल एल. आपल्या देशाचं नाव! पण आपण त्यात फक्त गिऱ्हाईक होतो, तेही आपण नाही, आपल्यावर राज्य करणारे साहेब. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला यायची. नंतर बर्टनच्या ऑलसॉपने तो धंदा घेतला. पुढे याच सरकारने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणला आणि गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या ठेकेदारांच्या हातात दिली. १८९२ मध्ये तर मोहाचाच कायदा केला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ बाळगण्यावर निर्बंध. झाडाखाली पडलेलं फूल उचलून घरात ठेवणं गुन्हा! साहेबाची बिअर जहाजातून खुशाल उतरत होती.

साहेब गेला. १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तो आजही आहे. तोच, ज्यात प्यायलाही परवाना लागतो. त्या पुण्याच्या ठिकाणी शंभरेक लोक बसले होते, किती जणांच्या खिशात परवाना होता देव जाणे. माझ्याकडे नव्हता. कोणी विचारलाही नाही. त्याच कायद्याखाली २००९ मध्ये पुण्यात डूलालीची भट्टी सुरू झाली, मग पुण्या-मुंबईत रांग लागली. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नाही, शेतकऱ्याच्या द्राक्षाचा प्रश्न आहे, असंही ऐकलं. विरोधामुळे ते अडलं. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने धान्यापासूनच्या दारूसाठी महाराष्ट्र मेड लिकर हा नवा प्रकारच काढला. म्हणजे मनात आलं की सरकारला प्रकार काढता येतो. मोहाची वेळ आली की मात्र एकच प्रकार आठवतो, कलम ६५.

आणि इथे मी स्वतःची कबुली देतो. वीस वर्षं मी या बातम्या लावल्या. "गावठी दारूच्या अड्ड्यावर छापा. मोहाचा सडवा २०० लिटर जागीच नष्ट, एका महिलेस अटक." पोलिसांची प्रेसनोट यायची, मी शीर्षक टाकून पाठवून द्यायचो. दोन कॉलम भरले की काम झालं. ती महिला कोण, फुलं कुठली, विकायला होती की घरच्या लग्नाला, एकदाही विचारलं नाही. "अड्डा" हा शब्द कोणी ठरवला? प्रेसनोटने. मी तो जसाच्या तसा छापला. पुण्यात स्टीलच्या टाकीत तेच आंबवणं चालतं, त्याला मी मागे एका पुरवणीत "ब्रुअरी" लिहिलं होतं, सोबत रंगीत फोटो.

आमच्या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे जंगलात गेलात तर कळेल. बायका टोपल्या घेऊन चार वाजल्यापासून झाडाखाली असतात. फूल रसरशीत, पिवळसर, वासाने डोकं भणभणतं. वाळवलं की मनुक्यासारखं होतं. हॉप्सचं फूल बिअरला नुसता वास देतं, साखर धान्यातून आणावी लागते. मोहाच्या फुलात साखरही आहे आणि वासही. पुण्यातली भट्टी परदेशी हॉप्स मागवते, इथे झाड स्वतः अंगणात टाकतं. ओळखीच्या एका मावशींकडे गेल्या उन्हाळ्यात मी पहिल्या धारेची चाखली होती. पुण्याहून आल्यावर तो कागद आठवला आणि आठवणीनेच मार्क दिले. सुगंध: वाळलेलं फूल, गूळ, थोडा चुलीचा धूर. चव: आधी गोड भास, मग एकदम गरम, शेवटी मातीसारखी. दोष: धूर थोडा जास्त, आणि दुसऱ्या दिवशीच्या बाटलीत आंबूस वास होता. स्वच्छतेत गडबड असणार. हा कागद बिअरचा आहे, गाळलेल्या दारूचा नाही, हे मला कळतं. तरी ३१ दिले. शिळ्या हेझीला मी १७ दिले होते.

मावशींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, मार्क तुम्ही द्या, केस पोलीस देते."

आता विरोधी बाजू. ती मला माहीत आहे आणि मी ती हलकी समजत नाही. माझे सख्खे काका दारूने गेले. काकूने जे सोसलं ते मी लहानपणी बघितलंय. शेजारच्या गडचिरोलीत बायकांनी लढून १९९३ मध्ये दारूबंदी आणली. गावातलं दुकान मतदान करून आडवं करणाऱ्या बायका मी कव्हर केल्यात, त्यांच्यासमोर "मोह आपला वारसा" असं भाषण द्यायची माझी हिंमत नाही. पण काका जी पीत होते ती सरकारमान्य देशी होती, सील असलेली, दुकानातून पावलीची बाटली. आणि २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलने. कारखान्यातल्या मिथेनॉलने, मोहाने नाही. चोरून विकायची झाली की दारूत कोणी काय मिसळतो हे तपासणार कोण? ज्याला परवाना नाही त्याचा नमुनाही कोणी घेत नाही. घेतात तो फक्त मुद्देमाल.

गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं, २०१६ मध्ये वारसा पेय म्हटलं. मध्य प्रदेशने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला हेरिटेज दर्जा द्यायचं जाहीर केलं. तिथे आदिवासींना घरच्या वापरापुरती गाळायची सूट आहे. इथून बालाघाट किती लांब आहे तुम्हाला माहीत आहे. सीमेच्या त्या बाजूला जी मावशी वारसा जपते, ती या बाजूला आली की आरोपी होते. तेच झाड, तीच बोली, बऱ्याचदा एकमेकांच्या सोयरीकी.

मला सगळीकडे मोहाची दुकानं नकोत. छोट्या बचत गटाला ठरावीक मर्यादेत गाळायचा परवाना द्या, फी त्यांना परवडेल अशी ठेवा, बाटलीवर भरल्याची तारीख लिहायला लावा, महिन्याला नमुना तपासा. आणि ज्या ग्रामसभेला नको असेल तिथे नको. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूबंदी करायचा किंवा नियमन करायचा, दोन्ही अधिकार दिलेत. बंदीचा आपण भाषणात सांगतो, नियमनाचा सोयीने विसरतो. तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींना हे मी लेखी विचारलंय. त्यांच्या स्वीय सहायकाने "साहेब बैठकीत आहेत" असं कळवलंय, नवव्यांदा.

आणि पुण्यातल्या वाचकांनो, तुमच्यासाठी एक. "हेझी अशीच असते" असं कोणी म्हटलं की ग्लास परत करा. भरल्याची तारीख विचारा. करडा रंग आणि पुठ्ठ्याचा वास ही शैली नाही. ४५० रुपये देताय, तेवढा हक्क आहे तुमचा. मावशींच्या गिऱ्हाईकाला तोही नाही.

हे लिहीत होतो तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर प्रेसनोट आली. छापा, सडवा, एक महिला. गाव माझ्या ओळखीचं आहे. नोट अजून पाठवलेली नाही. ठाण्यात फोन लावून विचारलं, फुलं किती होती, विक्रीचा पुरावा काय, नमुना तपासायला गेला का. पलीकडून विचारणा झाली, "आज तुम्हाला काय झालंय?" उद्या सकाळी त्या गावाला जातोय. त्या बाईंशी बोलून आल्यावर बातमी लावेन, त्यांची बाजू घेऊन नाही, त्यांची बाजू लिहून.