धुऱ्यावरचा राग



पेरणीचे दिवस जवळ आले की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव धुऱ्याचे भांडण उगवतेच. शेजाऱ्याचा वखर हातभर आत येतो आणि लहानपणी एका ताटात जेवलेले दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे राहतात. धुरा जागच्या जागी राहतो. माणसांपैकी एक जातो दवाखान्यात, दुसरा तुरुंगात. मग दोन्ही घरची पऱ्हाटी वेचायची कोणी?

अन्याय झाला की राग येणारच. पण कासरा आपल्या हाती ठेवायचा की रागाच्या हाती द्यायचा, हे आपणच ठरवायचे असते.

ख्रिस्ती धर्माने या गोष्टीचा फार विचार केला आहे. यवतमाळला हा धर्म परका नाही. १९५३ साली येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत ती येथेच होती. आपल्याला क्रूसावर देणाऱ्यांसाठी येशूने क्षमा मागितली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याआधीची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चौकशीच्या वेळी एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. तेव्हा येशू गप्प राहिला नाही. माझे काही चुकले असेल तर दाखव, नसेल तर मारतोस कशाला, असे त्याने सरळ विचारले. हात मात्र उगारला नाही. अन्यायाला अन्याय म्हणायचे, पण सूड घ्यायचा नाही, असा हा धडा आहे.

तुम्ही म्हणाल, देवाला जमले, माणसाला कसे जमावे? तर शेजारच्या मध्य प्रदेशात घडलेली गोष्ट ऐका. सिस्टर राणी मारिया ही केरळातली जोगीण. उदयनगर भागात ती गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्याचे काम करी. ज्यांचा धंदा त्यामुळे बसला त्यांना ती सलू लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या तरुणाने तिला भोसकून मारले. अंगावर पन्नासहून अधिक घाव होते. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारियाची सख्खी बहीण सेल्मी पॉल हीसुद्धा जोगीण. २००२ साली ती तुरुंगात गेली आणि तिने त्या मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. पुढे घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ साली तो सुटला. तो केरळात भेटीला गेला, तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना माझ्या लेकीचे रक्त लागले आहे, हीच तिची भावना होती. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियाला 'धन्य' म्हणून गौरवले गेले, तेव्हा समंदरसिंगही तेथे होता.

आता एक लक्षात घ्या. या घराने खुन्याला क्षमा केली, पण खुनाला बरे म्हटले नाही. खटला चालला, शिक्षाही झाली. क्षमा म्हणजे हक्कावर पाणी सोडणे नव्हे. धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. सावकाराने व्याजापोटी जमीन बळकावली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागा. कागद हाती घ्या, कुऱ्हाड खाली ठेवा.

आणि मोजणीत आपली बाजू खरी निघाली, तर त्या संध्याकाळी शेजाऱ्याला चहाला बोलवा. पहिल्या दिवशी तो येणार नाही. दुसऱ्यांदा बोलवा. उद्या तुमचा बैल विहिरीत पडला, तर दोर घेऊन सगळ्यात आधी धावत येणारा माणूस त्या धुऱ्यापलीकडेच राहतो.